गालातला सुळा

१२ जानेवारी
दाताचा डोळा! डोळ्यांच्या डॉक्टरनं हे आज अगदी शांतपणे सांगितलं. माझा सुळा हाडासकट काढायचा, भोक पाडून त्यात प्लास्टिकचं भिंग बसवायचं आणि तो डोळ्यात रोवायचा. नुसतं प्लास्टिक शरीर टिकू देत नाही म्हणे. "स्वतःचा दात असला की शरीर त्याला घरचा समजतं." हे तीनदा सांगितलं. बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय मी. प्रयोगशाळेत कॉस्टिक सोडा उडून डोळे गेले, डोकं नाही.

ताई शेजारी बसून रडत होती. तिला रडायला कारण लागत नाही.

१५ जानेवारी
दंतवैद्य म्हणाला, "एकच सुळा कामाचा आहे, पण छान राखलाय." झालं! डोळे गेल्यापासून सहा वर्षं "दात घासलेस का रे?" म्हणून डोकं खाणाऱ्या ताईला आता कोण आवरणार?

२ फेब्रुवारी
पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे ओळ सापडते. दाबून लिहितो, फळ्यावरची सवय. वही गादीखाली. ताईची भीती नाही. चौथी नापास ती, किराण्याची यादी लिहायला तिला अर्धा तास लागतो.

२० फेब्रुवारी
सुळा काढला. आता तीन महिने तो गालात, डोळ्याखाली, कातडीच्या आत. तिथे त्याला मांस धरलं की मग डोळ्यात. गालाचं आतलं अस्तरही काढून डोळ्यावर शिवलंय. तोंड इतकं सुजलंय की बोलता येत नाही. ताईची चंगळ.

३ मार्च
ताई सूप भरवते. आधी फुंकर मारते. मी काय तान्हं बाळ आहे?

९ एप्रिल
"रोज एवढं काय लिहितोस रे?" ताईनं विचारलं.
"तुझं कौतुक."
मग म्हणाली, "दाबून लिहीत जा हो. अक्षर चांगलं उठतं."
आता ही मला अक्षर शिकवणार! गाढव ते गाढवच.

२८ मे
उद्या. गालावरून बोट फिरवलं की सुळा लागतो. हा शेवटचा उपाय आहे, नंतर काही नाही. मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोण बघतंय?

११ जून
दिसलं. नळीतून बघावं तेवढंच, पण दिसलं. डॉक्टरच्या कोटाचं बटण. मग ताई. किती म्हातारी झालीय! बोटाला निळी शाई. यादी लिहीत बसली असणार, दुसरं काय येतं तिला?

पट्टी परत बांधलीय, म्हणून हेही चौकटीतच.

१४ जून
पट्टी सुटली, घरी आलो, वही उघडली. १५ जानेवारीनंतर पेन वाळलेलं. पुढे नुसत्या खाचा. त्या खाचांवरून निळ्या शाईनं गिरवलंय, एकेक अक्षर, ताईच्या वाकड्या हातानं. "चौथी नापास" गिरवलंय. "गाढव ते गाढवच" गिरवलंय. एक शब्द गाळलेला नाही.

मी हे कधीतरी वाचणार, याची खात्री फक्त तिला होती.