सुकटीची परवानगी

कॅम्प ५, उल्हासनगर
रविवार, ८ फेब्रुवारी २००९

वेणूबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

आज पाणी उशिरा आलं. कपडे धुतले, भांडी घासली, मग बाजारात जाऊन आले. एरवी रविवारी या वेळेला मी बदलापूरला, वृद्धाश्रमात आईपाशी असायचे. तुमची तब्येत बरी असेल. तुमच्या तेजलची परीक्षा जवळ आली असेल, तिला सांभाळून अभ्यास करायला सांगा.

आई गेल्यावर आपलं बोलणं झालं नाही. जलदानविधीला तुम्ही आलात, मागे बसलात आणि मोठ्याने रडलात. माझ्या नणंदेने विचारलं, "ही कोण गं? तुझी बहीण का?" मी म्हटलं, "आश्रमातली आया आहे." मला त्या दिवशी रडू आलं नव्हतं.

शुक्रवारी आश्रमात चौकशी झाली. तुम्हाला कामावरून काढलं म्हणून आईच्या शेजारच्या खोलीतल्या शिवरामकाकांनी समाजकल्याण खात्याकडे तक्रार केली होती. द्रौपदाबाईंनी स्वतः मागितलेली सुकट वेणूबाईने घरून करून आणली, तर व्यवस्थापकांनी समोरचं ताट उचललं आणि बाईला काढलं, अशी. चौकशीच्या मॅडमसमोर काका म्हणाले, "मॅडम, मत द्यायला आम्हाला खुर्चीसकट उचलून नेतात. पण जेवणात मिरची हवी का, हे कोणी विचारत नाही." सगळे हसले. व्यवस्थापक सोडून.

त्यांचं म्हणणं एकच. बाहेरचं खाणं नातेवाइकांच्या परवानगीनेच द्यायचं, हा नियम आहे, आणि या बाईने चोरून दिलं. सुकटीने आईला काही अपाय झाला नव्हता, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.

मग मॅडमनी मला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

मला काहीच माहीत नव्हतं, वेणूबाई. मी दर रविवारी मोसंबी न्यायचे, दुधीची भाजी न्यायचे. "आई, पुढच्या वेळी काय आणू?" विचारलं की म्हणायची, "काही नको गं, सगळं आहे." तिथे होती तोवर हेच. आणि तुम्हाला म्हणे ती खाताखाता ओरडायची, "वेणे, कांदा जरा करपू दे की! तुझ्या हाताला भारी घाई." काकांनी तिची नक्कल करून दाखवली. माझ्यावर ती अशी कधी ओरडली नाही. पाहुणी आल्यासारखी बोलायची.

आमच्या बिल्डिंगमध्ये सुकट शिजत नाही. वास आला की शेजारचे खिडक्या लावून घेतात. मी करणं सोडलं तेव्हा आई आमच्याकडेच होती. काही बोलली नव्हती.

मॅडमना मी सांगितलं, "हो, माझी परवानगी होती. आईने माझ्याकडेच सुकट मागितली होती. मला जमत नव्हतं, म्हणून मीच वेणूबाईंना करायला सांगितलं." त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

मंगळवारी त्या तुम्हाला बोलावतील. तुम्हीही हेच सांगा, म्हणजे तुम्हाला परत घेतील. व्यवस्थापकांनी तसं मॅडमसमोर कबूल केलंय. तुम्ही म्हणाल, "ताई, पन आजी तर माज्याकडंच मागत व्हत्या." ठाऊक आहे मला. तरी तसं म्हणू नका. तिथेही नाही, आणि नंतर माझ्यापाशीही नाही.

काका निघताना म्हणाले, "माया, मन मोठं आहे तुझं." तुमचं काम तुम्हाला मिळेल. आईने माझ्याजवळ मागितलं होतं, एवढं माझ्याकडे राहू द्या.

बाजारातून पाव किलो सुकट आणली. निवडली, खिडकी उघडी ठेवून तव्यावर भाजली. समोरच्यांनी त्यांची खिडकी लावली, आवाज आला. कांदा करपू दिला. भाकरी झाली आहे. हे पाकिटात घालते आणि जेवायला बसते.

द्रौपदाबाईंची मुलगी,
माया