चुका काढल्यावर उरलेली भोके

मी, रेवणप्पा मल्लप्पा सुतार, राहणार मुरुम, जिल्हा उस्मानाबाद, बुद्धी शाबूत आणि हात स्थिर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. नक्कल करणाऱ्याने ऱ्हस्वदीर्घ बदलू नये.

राहते घर व भांडीकुंडी पत्नी कमलबाई हिला. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये. माझ्या बोलण्याचा जाच तिने सोसला. त्याची ही भरपाई नव्हे.

वाद आहे तो घरामागील सुतारशाळेचा, जेथे मी मुलांना सुतारकाम शिकविले. ती धान्याच्या आडतीस भाड्याने द्यावी, असा निरोप चिरंजीव बिराप्पा याने कळंबहून धाडला आहे. तसे होऊ नये.

बिराप्पाने शाळा का सोडली, हे नमूद करणे भाग आहे. सागवानी कपाटाच्या चौकटीत लाकडाच्या टोकाचे कुसू खाचेत बसविण्याऐवजी त्याने चार चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या आणि वर लाख भरली. विचारले, तर म्हणाला, "अप्पा, आतलं कोन बघतंय? चार चुका मारल्या, झालं काम!"

"चार नव्हे, पाच," मी म्हणालो. "'कोण'मधला ण बाणाचा."

शिकणारी सगळी मुले हसली. तो त्याच दिवशी कळंबला निघून गेला.

चुका मी उपटून काढल्या व सांधा नव्याने केला. कपाट माझ्यापाशीच आहे.

रंधे, पटाशा, करवती व गुण्या ही हत्यारे माझा शिष्य रसूल वल्द वजीर यास देऊ केली. तो एकट्याने घेईना. म्हणाला, "उस्ताद, चुका तुमी लई काढल्या. भोकं तशीच हायेत. ती कोन बुजवणार?"

त्याचा 'कोन' मी दुरुस्त केला नाही.

सबब, कपाटाच्या खालच्या खणात त्याच सागाच्या चार बारीक खुंट्या घडवून ठेवल्या आहेत. बिराप्पाने येऊन त्या स्वतःच्या हाताने भोकांत बसवाव्यात. त्या दिवसापासून सुतारशाळा व हत्यारे रसूल-बिराप्पा यांची. हा द्वंद्व समास समजावा; दोन्ही पदे सारखीच प्रधान. द्वंद्वाचा दुसरा अर्थ, भांडण, येथे अभिप्रेत नाही.

तो येईपर्यंत शाळा रसूलने चालवावी. येण्यास मुदत घातलेली नाही. ती राहून गेली, असे कोणी समजू नये.

हे कागद दोऱ्याने शिवावेत. चूक मारू नये.

मुक्काम मुरुम, माहे बहमन, सन १३५४ फसली (इ. स. १९४४).

सही: रेवणप्पा मल्लप्पा सुतार

साक्षीदार:
नारायणराव जोशी, शिक्षक, मुरुम
जाफर वल्द इमाम, अत्तार, मुरुम