सकाळी आठच्या आधी

आई, तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आज तुझ्याशी बोलावंसं वाटलं ते कामामुळे. मी आता कामगार खात्यात निरीक्षक आहे. तू असतीस तर पाराभर, सगळ्या वस्तीत सांगत फिरली असतीस.

इथल्या गुढियारी वस्तीतल्या एका बाईविरुद्ध तक्रार आली होती, म्हणून मागे एकदा उजाडताच तिच्या घरी गेले. सिलतऱ्याच्या कारखान्यांत कामावर जाणाऱ्यांचे डबे ती करते. नवरा नाही. तिची सहावीतली मुलगी शाळेच्या कपड्यांतच पोळ्या लाटत होती. नियम असा, की घरच्या धंद्यात मुलांनी मदत केलेली चालते, पण शाळा सुटल्यावर. सकाळी आठच्या आधी नाही. मी तो समजावून सांगितला. बाई नुसती भाजी ढवळत राहिली. मुलीनेच विचारलं, "दीदी, डिब्बा तो सुबह ही जाता है. मम्मी अकेली कैसे करेगी?"

पहिल्या वेळी आईबापांना शिक्षा नसते, समज देऊन सोडतात. तशी समज दिली आणि निघाले. अशा किती घरांतून मी अशीच निघते. आता थकायला होतं.

बाबांच्या मागे तूही डबेच करायचीस. बाहेर अंधार आहे, स्टोव्ह फुरफुरतो आहे, तू मला हलवून उठवतेस. पोळी जाड झाली की लाटणं काढून घेतेस. "काहून घाई करून राहिली? खानारा दिवसभर भट्टीपाशी उभा राह्यते." शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, पोरीला झोपू दे जरा. तू खाली बघत म्हणालीस, "मले तरी दुसरं कोन आहे?" आज तुझ्या दारात आले असते, तर तुलाही समज द्यावी लागली असती.

काल उजाडताच त्या बाईकडे पुन्हा गेले. ती एकटीच राबत होती. अर्धे डबे सोडले, एवढंच म्हणाली. आत मुलगी गाढ झोपली होती.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. मी वर्गात झोपायचे, आई. पहिल्याच तासाला डोळे मिटायचे, आणि शाळेतल्या बाई मला झोपू द्यायच्या. तुला सांगितलं असतं तर तू मला उठवणं बंद केलं असतंस. मला तर तुझ्याजवळ बसायला आवडायचं.