दोन बोटं वाऱ्यासाठी

माय, त्या सकाळी आपण मोहफुलं वेचून आलो आणि टोपली अंगणात रिकामी केली. तू गोठा झाडलास, मी पाणी भरलं. मग हात पुसून तू पेटीतून बाबांचं धोतर काढलंस आणि ओसरीवर अंथरलंस. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. धोतरावर तू तुझा तो कागद ठेवलास, जुन्या वर्तमानपत्रातून आपल्या दोघींना बसणाऱ्या पोलक्याच्या मापानं कापलेला, आणि त्याच्या भोवती दोन बोटं जागा सोडून कोळशानं रेघ ओढू लागलीस. उन्हाळ्याचा कपडा अंगाला चिकटता कामा नये. "दोन बोटं वाऱ्यासाठी," असं तू म्हणायचीस.

"बाबाचं धोतर काऊन कापून राहिली?" मी ओरडले.

"मंग का उंदरायसाठी पेटीत ठेवू?" तू मान वर केली नाहीस. "घामोळ्या तुले आल्या, का पेटीले?"

त्या कागदावर बाजारातून पळालेल्या बैलाची बातमी होती. शाळा दुसरीतच सुटलेली, तरी अक्षरं जुळवत मी ती वाचायची. बैल सापडला की नाही, ते मात्र काखेच्या गोलाईत कापलं गेलं होतं. पुढचं कुठं गेलं म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, "तुह्या काखेत." तेव्हापासून मी मिळेल तो कागद वाचत आले. पुढे पुस्तकंही वाचली. तो बैल काही सापडला नाही.

आता ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. या वैशाखात अंगावर कपडा सहन होत नाही. सून म्हणते, "आई, गोंदियाहून रेडीमेड गाऊन आणतो न, कायले मशीन काढून राहिल्या?" तिनं मागच्या वर्षी आणलेला गाऊन घामानं पाठीला चिकटतो. म्हणून परवा तुझा कागद शोधायला पेटी उघडली. कागद घड्यांवर फाटला आहे, पण माप शाबूत आहे. त्याच्याखाली ह्यांचं धोतर होतं, धुवून धुवून मऊ झालेलं. त्यावर जांभळाचा एक डाग आहे. मी कातर हातात घेतली आणि परत ठेवून दिली. तू त्या दिवशी सरळ कापत गेलीस. तुझा हात थांबला होता का, हे मी पाहिलं नाही. मी रागात पाठ फिरवून बसले होते.

तू शिवलेलं ते पोलकं नदीवर धुताना वाहून गेलं, असं मी तुला सांगितलं होतं. ते वाहून गेलं नव्हतं. बाबांचं कापड अंगात घालायचा धीर होईना, म्हणून मी ते धान साठवायच्या ढोलीमागे खुपसलं. दिवाळीच्या आधी काढून पाहिलं, तर उंदरांनी त्याची चाळणी केली होती. तुझंच बोलणं खरं झालं, हे तुला तुझ्या हयातीत सांगता आलं नाही.

काल एवढं लिहून हे पत्र तुझ्या कागदाच्या घडीत ठेवलं. आज ऊन चढायच्या आत धोतर कापलं. माझी बोटं तुझ्यापेक्षा जाड आहेत, पोलकं जरा ढगळ झालं. जांभळाचा डाग पाठीवर आला. येऊ दिला.