तिसरा अहवाल

६ जानेवारी

या शिक्षणाचा खरा खर्च आज एकदाचा मांडला. फी सगळ्यांना दिसते, तिचं काही नाही. पुस्तकं. लेझरचं मोजयंत्र. बंद केलेलं ऑफिस — टेबल भाच्याने नेलं, फिरती खुर्ची कुणी नेली ते अजून कळलेलं नाही. चष्म्याचा वाढलेला नंबर. हिच्या संध्याकाळच्या मालिका — आवाज बारीक करून करून ती आता नुसती तोंडं हलताना बघते, आणि गोष्ट मला विचारते! शिवाय मुलीची खोली. ती नोकरीला परगावी गेली तेव्हापासून माझा अभ्यास तिथेच. दिवा लावला की सकाळ काय न् रात्र काय, सारखंच. लक्ष इकडे-तिकडे जात नाही. फोनवर हसते — "बाबा, त्या खोलीत बसून कुणी पास झालंय का? मी तरी हॉलमध्येच अभ्यास करायचे."

बेरीज केली. महागात पडलंय. आणि हातात अजून काही नाही.

घराची किंमत ठरवून खाली सही ठोकणारा माणूस व्हायचंय मला. बँक ज्याच्या सहीवर कर्ज देते तो. आयुष्यभर घरं विकली, दलाली केली. 'भाड्याने देणे'च्या पाट्या चिकटवण्यापासून सुरुवात. व्हॅल्युअर यायचा, मी त्याच्या टेपचं दुसरं टोक धरून उभा. तो आकडा लिहायचा, आणि माझा जमलेला सौदा एका ओळीत मोडायचा. तेव्हाच ठरवलं — टेपच्या त्या टोकाला जायचं.

लेखी परीक्षा सुटली. आता तीन अहवाल. दोन परत आलेत. तिसराही परत आला तर दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. या वयात!

९ जानेवारी

परत आलेले दोन्ही अहवाल पुन्हा वाचले. स्वतःचाच राग आला.

पहिल्यात आजूबाजूच्या घरांचे भाव दिले होते. तोंडपाठ आहेत मला! आमच्या मार्गदर्शक बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "एजंटसाहेब, हे लोकांनी मागितलेले भाव. मागायला काय जातंय? दिले किती, ते कुठाय?" खरंच की. दलालाच्या डोक्यात मागणी असते. व्यवहार कितीला झाला हे तो स्वतःच्या बायकोलाही सांगत नाही, मग हळूहळू स्वतःही विसरतो.

दुसऱ्या वेळी झालेले व्यवहार शोधले, सगळं रीतसर केलं. फक्त आकडा दारातच ठरवला होता. माझी जुनी खुबी — दार उघडलं, वास घेतला, भिंतीवर टिचकी मारली, की किंमत तयार! मग किंमत काढायच्या तिन्ही पद्धतींनी हिशोब करून तिन्ही वेळा तोच आकडा आणला. बाई म्हणाल्या, "तीन वाटांनी आलात आणि तिन्ही वेळा त्याच पायरीवर ठेचकाळलात? बाजार इतका शहाणा नसतो हो."

वर्गात पोरं हसली. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

२० जानेवारी

तिसऱ्या अहवालाची घरं वाटली. बाईंची पद्धत अशी — प्रत्येकाने वर्गातल्या दुसऱ्याचं घर मोजायचं. माझी जोडी सिव्हिलशी. ही वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. इंजिनियर, म्हणून नाव सिव्हिल; वडील वायरमन. मी तिच्या वडिलांचं घर मोजायचं, तिने माझं. अदलाबदल!

मी हळूच म्हटलं, "बरं झालं. एकमेकांना सांभाळून घेऊ."

बाई पाठमोऱ्या होत्या. न वळता म्हणाल्या, "तेच बघायचंय मला. कोण कुणाला सांभाळून घेतं."

माझे कान तिखट म्हणून मी मिरवतो. त्यांचे पाठीला आहेत.

२ फेब्रुवारी

सिव्हिल येऊन गेली. हिने चहा केला, मी घर दाखवलं. "तीन बेडरूम! या इमारतीत इतरांकडे दोनच. त्यांनी त्या जागेत ट्रंका, गाद्या, जुने पंखे भरले. मी पहिल्याच दिवशी ओळखलं — ही खोली आहे! पलंग टाकला, रंग दिला, मुलगी तिथे वाढली. पाहुण्यांना, बँकेला, व्याह्यांनाही अभिमानाने सांगितलं — स्वतःच्या हिमतीवर तीन बेडरूम."

"हो का, काका," म्हणाली, आणि मोजत राहिली. शांत पोरगी. मी हॉलमध्येच बसलो, मधे लुडबुडायचं नाही असा नियम. पण ऐकू येतंच. यंत्राचा टिक आवाज. कपाटाचं दार. मुलीच्या खोलीत बराच वेळ. दिव्याचं बटण बंद — चालू — पुन्हा बंद. वायरमनची मुलगी! बटणं तपासल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

जाताना हिला म्हणाली, "काकू, चहा मस्त होता." मला काहीच नाही. व्हॅल्युअर व्हायला हवी ती.

५ फेब्रुवारी

आज तिच्याकडे. वडील निवृत्त वायरमन, आवाज खणखणीत. पायऱ्या चढताना पायाखाली किंचित थरथर जाणवली होती. घरात मात्र चिडीचूप. इतकं चूप की मला संशय आला.

"काका, खालचा पंप बंद करवलात ना?"

"कसला पंप?"

"पाण्याचा. ही माझीच विद्या आहे हो! वीस वर्षं मी मालकांना सांगत आलो — गिऱ्हाईक यायच्या आधी पंप बंद करा."

आधी लाल झाले, मग खो खो हसले. "चोराच्या घरी चोर आला म्हणायचा!" चहा आला, दुसरा आला. खालच्या कुणीतरी पंप लावलाच, आणि मागच्या बेडरूमची फरशी गुणगुणायला लागली. लिहून घेतलं.

त्यांनी हॉलमध्ये प्लायवुडची भिंत घालून एक खोली काढलीये. खाट, छोटं कपाट, आरसा. "तिसरी बेडरूम लिहा."

"नाही लिहिता येत."

"का? झोपतो मी तिथे!"

"बाहेर उघडणारी खिडकी नाही. उजेड नाही, हवा नाही. पुस्तकात सरळ लिहिलंय — अशी खोली साठवणीची. खाट टाकली म्हणून बेडरूम होत नाही."

म्हातारा भडकला. "तुम्ही काल झालात व्हॅल्युअर! मी हे हाताने उभं केलंय!"

"काका, अजून झालोही नाही. पण नियम तो नियम. उद्या माझं घर असतं तरी हेच लिहिलं असतं."

सिव्हिल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे टक लावून बघत होती. वडिलांची बाजू घेईल वाटलं. "बरोबर बोलतायत ते, बाबा," म्हणाली. मग मला — "लिहिलं असतं ना, काका? नक्की?"

"छाती ठोकून!"

खाली उतरलो तेव्हा छाती खरंच फुगलेली होती.

१४ फेब्रुवारी

लिहितोय. वायरमनकाकांच्याच इमारतीत पंपाच्या वरचं एक घर विकलं गेलंय, दुसऱ्या टोकाचं एक. आकाराने सारखी, व्यवहार मागेपुढे. दोन्हींच्या किमतीतला फरक म्हणजे त्या गुणगुणण्याची किंमत! माझ्या कानाला पुरावा मिळाला. हिला वाचून दाखवलं. "एवढ्याशा आवाजाचे एवढे पैसे कमी? मग तुमच्या घोरण्याचे किती?"

१९ फेब्रुवारी

अहवाल दिला. या वेळी आकडा सगळ्यात शेवटी आला, आगंतुकासारखा. मी त्याला आधी ओळखलंही नाही.

३ मार्च

तोंडी परीक्षा. बाई मधे, शेजारी दोन गृहस्थ. त्यातला जाडा सारखा पेन उघडझाप करत होता — माझी धडधड त्याच तालावर.

जाड्याने विचारलं, "तुम्ही जुने एजंट. दारात शिरतानाच मनात आकडा आला असेल?"

खोटं बोलावंसं वाटलं. बाई कागद बघत होत्या, पण कान माझ्याकडे. म्हटलं, "आला, साहेब. सवय आहे. त्याला दाराबाहेर बुटांजवळ ठेवला आणि आत गेलो."

"निघताना घातलात?"

"घालून बघितला. मोठा होत होता."

जाडा हसला. पेन बंद झालं. बाईंनी मान वर केली. "घरमालक नाराज झाले म्हणे?"

"झाले. प्लायवुडच्या खोलीवरून."

"मग तुम्ही विचार बदललात?"

"खिडकी नाही, मॅडम. माझा विचार बदलला म्हणून ती उगवत नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं. दोन शब्द असावेत. पेनाचा आवाज तेवढाच आला.

५ मार्च

पास!

सुटलो! बोर्डावर नाव वाचलं, पुन्हा वाचलं, शेजारच्या अनोळखी मुलाकडून वाचून घेतलं. खाली येऊन पार्किंगच्या कठड्यावर बसलो, बूट काढले. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. पुन्हा पहिल्यापासून नाही. रात्रीची पुस्तकं नाहीत. आता टेपचं हे टोक माझं!

हिला फोन केला. आधी नाक ओढल्याचा आवाज. मग — "आता टीव्हीचा आवाज मोठा करू?"

"कर. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे."

मुलगी फोनवर ओरडली. वायरमनकाकांचाही फोन — "अभिनंदन, चोरा!" खिडकीसाठी भिंत फोडायचं चाललंय म्हणे. सिव्हिलही पास, पहिल्या नंबराने. बाई जिन्यात भेटल्या. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "पुरे. तुमच्या घराचा तिचा अहवाल ऑफिसात ठेवलाय, घेऊन जा. सावकाश वाचा." गालात हसत होत्या. मी कौतुक समजलो.

रात्री गाढ झोपलो. घोरलो असेनच.

८ मार्च

सिव्हिलचा अहवाल वाचला. नीटस काम. एकाही ओळीवर बोट ठेवता येत नाही.

भर दुपारी मुलीच्या खोलीत गेलो. दार लावलं. दिव्याचं बटण बंद केलं. चालू केलं. पुन्हा बंद केलं.

आमचं घर दोन बेडरूमचं आहे.