पाचवं शील

शनिवार, २२ नोव्हेंबर २००३

संध्याकाळी उचगावला संजूदादाकडे गेले. कारखान्याने त्याला यंत्र शिकायला स्पेनला पाठवलं होतं. तिथल्यासारख्या छोट्या बशा त्याने मांडल्या. ऑलिव्ह, बटाट्याचं जाड ऑम्लेट, बोटांना मीठ लागेल असे खारे बदाम. ‘एवढ्यात पोट भरतंय व्हय?’ म्हणत वहिनीने भाकऱ्या थापल्याच.

मग शेरी, तिकडची वाइन. द्राक्षांची, पण गोड नाही. बदाम चावून घोट घेतला. आवडलं. नुसती चाखली, असं इथे तरी लिहायला नको. ‘औषध समज की,’ दादा म्हणाला. पण औषध दुसऱ्यांदा मागून कोण घेतं? मी घेतलं.

उद्या रविवार. विहारात पंचशील मी सांगते, सगळे माझ्यामागून म्हणतात. बाबांनी लहानपणी घरीच शिकवलं, अर्थासकट. पाळणार नाहीस ते तोंडाने म्हणू नकोस, हेही तेव्हाच. पाचवं शील मद्य न घेण्याचं.

घरी आल्यावर बाबांना म्हटलं, उद्या दुसऱ्या कुणाला सांगू द्या.

‘घसा बसला काय?’

‘नाही. दादाकडे शेरी प्याले.’

ते पेपर वाचत राहिले. रागावतील असं वाटलं होतं.

‘बरी लागली?’

‘हो.’

‘मग चार तू सांग. पाचवं मी सांगतो. माझ्यामागून म्हणायचं का न्हाय, ते तुझं तू बघ.’

जेवल्यावर हात धुतले होते. तरी आत्ता बोट जिभेला लावून पाहिलं. मीठ नव्हतं. का पाहिलं, हाच प्रश्न आहे. ती चव अजून हवी असेल, तर उद्या पाचवं कसं म्हणू?