पेडल वर आलं न्हाई

जुना जालना,
कार्तिक, १९५७

प्रिय मच्छिंद्र,

पाकीट बघून चमकशील. तीन वर्षांत या बद्रीनं दोन ओळी टाकल्या न्हाईत आणि आज एवढं जाड पत्र कसं काय, असं वाटंल. आधी पोटभर शिव्या दे, मंग वाच. आतली पुडी मात्र शेवटी उघड.

इकडं सगळं बरं आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे धरलेत, तोंड मात्र चालू आहे. दसऱ्याला पुखराज सेठनं सगळ्यांदेखत मला फेटा बांधला, उस्ताद म्हणून. कारखान्याच्या आवारातच राहायला खोली दिली, थोरल्याला दुकानात घेतलं. लोक म्हणतात, बद्रीचं नशीब उघडलं. अरे, कसलं उघडलं! फाटकाला कुलूप, किल्ली चौकीदाराकडं, आणि मेव्हणीच्या लग्नाला जायचं तरी सेठची परवानगी. क्रेन कधी अडंल सांगता येत न्हाई आणि तिची नाडी माझ्याशिवाय कुणाला कळत न्हाई. हे गावभर सांगत फिरलं कोण? मीच. आता आपल्याच बढाईत कोंडून राह्यलोय.

तुझ्या त्या दिवसानंतर क्रेन ताडपत्रीखाली पडून होती. लढाईच्या भंगारातली ती म्हातारी, सेठचा तिच्यावरचा जीव उडाला होता. या उन्हाळ्यात वडीगोद्रीकडं पुलाचं काम निघालं तेव्हा त्यांनी मला ती जल्दी चालू करायला सांगितलं. ब्रेकची रबरं पार गेल्ती. मी मुंबईहून नवी मागवून बसवली. जुनी वयानं गेली असतील म्हणून न बघताच फेकली. तिथंच माझे डोळे का उघडले न्हाईत, देव जाणे.

तो दिवस तुला सांगायची गरज न्हाई, पण लिहितो, कारण मला तो लिहायलाच पाहिजे. दसरा होऊन आठवडा झाला होता. मालधक्क्यावर आपण गर्डर उतरवत होतो, तू वर ब्रेकच्या पेडलवर, मी खाली. ब्रेक तापून धूर आला, पकड सुटून गर्डर सटकला, आणि खाली ओझी बांधणाऱ्या पुंजाराम खलाशाचा पाय गेला. तू ओरडत होतास की पाय मी कधीच काढलाय, पेडलच वर आलं न्हाई. सगळे म्हणाले, हा पेडलवर पाय टाकून बसला आणि ब्रेक जाळला. सेठनं माझ्याकडं बघितलं. तोवर ब्रेक थंड झाला होता. मी दोनदा पेडल दाबलं, ते वर आलं, आणि मी म्हणालो की यंत्र बिलकुल बराबर आहे. एवढंच बोललो. तेवढ्यावर तुला काढलं.

आता यंदाचं ऐक. खंडेनवमीला क्रेनला आंघोळ घातली, हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं रीतीप्रमाणं. त्या दिवशी यंत्राच्या पोटात काही कमी ठेवायचं न्हाई, ही माझ्या उस्तादाची शिकवण तुला ठाऊकच आहे. तेलाचा नवा डबा फोडून पुजायचा आणि इंजिनापासून ब्रेकच्या तेलाच्या डबीपर्यंत त्यातलंच तेल काठोकाठ भरायचं. मी तेच केलं. आठ-दहा दिवसांनी वडीगोद्रीला मी स्वतः पेडलवर होतो. पाय काढला तरी रिकामा हुक खाली येईना. ब्रेकला हात लावला तर चटका बसला, आणि मच्छिंद्र, तुझा आवाज माझ्या कानात आला.

वायरचा दोर कुठं अडकलाय का बघितला, न्हाई. पेडलची स्प्रिंग चांगली. ब्रेकच्या पट्ट्यात कचरा न्हाई. शेवटी हवा काढायचा बारका स्क्रू अर्धा फेरा सैल केला, तशी तेलाची चिळकांडी थेट तोंडावर आली आणि ब्रेक सुटला. म्हणजे पाय काढला तरी दाब आतच राह्यला होता, तेलाला परतायची वाटच बंद होती. पेडलखालचा सिलिंडर खोलला. आतली रबरी वाटी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगून नेमकी परतीच्या छिद्रावर बसलेली. ब्रेक थंड झाला की तेल आक्रसतं आणि दाब उतरतो, म्हणून त्या दिवशी माझ्या पायाखाली पेडल वर आलं. खात्री करायला दोन नव्या वाट्या घेतल्या. एक ब्रेकच्या खास तेलात ठेवली, एक पूजेच्या डब्यातल्या इंजिनाच्या तेलात. तीन दिवसांत दुसरी फुगली. ब्रेकचं तेल एरंडेलापासून बनतं, तेच या रबराला सोसतं, हे मला वीस वर्षं उस्तादी केल्यावर कळलं! थू माझ्या फेट्यावर.

तीन वर्षांपूर्वीही डबा मीच फोडला होता. डबी मीच भरली होती. ब्रेकचं तेल वेगळं असतं ना दादा, असं तू विचारलंस, आणि मी चारचौघांत तुला हसलो. हा पूजेच्या तेलात भेद करतो म्हणालो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीला तू भेटायला आल्तास. दर पेरणीला पुंजारामच्या रानात राबतोस, मोबदला घेत न्हाईस, हे सांगितलंस. मंग खाली बघून म्हणालास, असंलही माझा पाय पेडलवर, आता मला नीट आठवत न्हाई. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता कळतं, ती शंका तुझ्या मनात मीच पेरली.

तुझी वहिनी म्हणते, जुनं उकरू नका, पोराचं दुकान जाईल, डोक्यावरचं छप्पर जाईल. खोटं न्हाई तिचं. मी तीनदा सेठच्या गादीपुढं जाऊन बसलो आणि तीनदा चहा पिऊन उठून आलो. म्हणून हे पत्र. पुडीत ती सिलिंडरातली फुगलेली वाटी आहे, सोबत एक नवी आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या की सेठला न शिकवता कळंल, आणि खाली माझी सही आहेच. ती वाटी माझ्याकडं राहिली असती तर एखाद्या दिवशी मी तिला विहिरीत टाकली असती. मी स्वतःला ओळखतो. आता ती तुझ्या हातात आहे, सेठकडं कधी यायचं ते तू ठरव, मी अडवणार न्हाई. पण त्याआधी तुझ्या तीर्थपुरीहून निघून पुंजारामच्या घरी जा. त्याच्यासमोर बस आणि त्याला सांग की माझा पाय पेडलवर न्हवता. मोठ्यानं सांग, म्हणजे तुलाही ऐकू येईल.

तुझाच, तुझ्या माफीला लायक नसलेला,
बद्री